तात्या टोपे : शर्यत जिंकली, न्याय हरला

येवले म्हटले की पैठणी आणि घोडेबाजार आठवतो. याच गावी १८१४ मध्ये रामचंद्र पांडुरंग येवलेकर, अर्थात तात्या टोपे यांचा जन्म झाला. पेशवाई बुडाल्यावर वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांसमवेत ब्रह्मावर्तास गेले. तेथे तात्या नानासाहेबांच्या सहवासात वाढले.

नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी कानपुरात जनरल विंडहॅमला मागे रेटले. मात्र त्यांचा खरा कस लागला तो जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर हातचे गेल्यावर. शर्यतीतील कसलेला स्वार घोड्याचा दम राखून वाट निवडतो. तात्यांची चालही तशीच होती. तोफा गमावल्या तरी चालतील, पण फौज वाचली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. राजपुताना आणि माळवा पालथा घालून ऑक्टोबर १८५८ मध्ये त्यांनी नर्मदाही ओलांडली. इंग्रजांच्या अनेक तुकड्या मागावर असूनही सुमारे दहा महिने ते हाती लागले नाहीत.

अखेर घात झाला तो विश्वासातल्या माणसाकडून. इंग्रजांना शरण गेलेल्या नरवरच्या मानसिंगाने ७ एप्रिल १८५९ च्या रात्री झोपलेल्या तात्यांना पकडून दिले. शिवपुरीच्या लष्करी न्यायालयात त्यांच्यावर बंडाचा आरोप ठेवण्यात आला. आपण पेशव्यांचे सेवक असून धन्याच्या आज्ञेनेच लढलो, हा त्यांचा बचाव मान्य झाला नाही. १८ एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आली.

शर्यतीचा पंच तिऱ्हाईत असावा लागतो. येथे मात्र प्रतिस्पर्धीच पंच होता. ज्यांना दौडीत गाठता आले नाही, त्यांच्यावर इंग्रजांनी मात केली ती फितुरीने आणि एकतर्फी निवाड्याने.