वजन काढणारा कॉलिन

गाडी फास्ट करायची तर मोठं इंजिन टाक, असं कट्ट्यावर कुणीही सांगेल. कॉलिन चॅपमनचा हिशोब उलटा होता. आधी वजन काढायचं! १९२८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा पठ्ठ्या स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकला. १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर त्याने पहिली गाडी बांधली आणि १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली. १९५७ ची लोटस सेव्हन जेमतेम ५०० किलोंची. आठवडाभर रस्त्यावर चालवा, रविवारी ट्रॅकवर पळवा. फॉर्म्युला वनमध्ये लोटसने ७ वेळा कन्स्ट्रक्टर्सचं विजेतेपद मिळवलं.

पण हलकेपणाची किंमतही होती. १९७० मध्ये मोन्झाला सरावात लोटसच्या योखेन रिंटचा जीव गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं तपासात निघालं.

१९८२ मध्ये ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकने चॅपमन गेला. पुढे १९९६ ला आलेली लोटस एलिस ७२५ किलोंच्या आसपास होती, आजची एमिरा १,४०० किलोंच्या घरात आहे. एअरबॅग, एसी, क्रॅश टेस्टचे नियम, सगळ्याचं वजन असतंच ना!

ठाण्या-डोंबिवलीतल्या तुमच्या कॉलेजची टीम फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बांधत असेल, तर ग्रॅम ग्रॅम वाचवा. फक्त कुठल्या पार्टला हात लावायचा नाही, ते आधी ठरवा.