सत्तरीनंतरची पायपीट

मार्च १९२९ मध्ये धोंडो केशव कर्वे विलायतेच्या बोटीत बसले तेव्हा त्यांचे वय ७१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकपदावरून निवृत्त होऊन त्यांना १५ वर्षे झाली होती. हिंगण्याचा आश्रम स्थिरावला होता, १९१६ मध्ये स्थापन केलेले महिला विद्यापीठही उभे राहिले होते. या वयात माणसाने नातवंडांत रमावे, अशी समाजाची अपेक्षा. अण्णांनी मात्र जगप्रवासाचा बेत आखला.

तसे पाहिले तर हा गृहस्थ प्रवासी किंवा वक्ता म्हणून जन्मलेलाच नव्हता. स्वभाव कमालीचा लाजाळू, सभेत बोलणे म्हणजे संकट. तरीही लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणावर भाषण केले, जिनिव्हा व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांना हजेरी लावली आणि अमेरिकेमार्गे ते जपानला पोहोचले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचूनच त्यांना भारतात तसे विद्यापीठ काढण्याची प्रेरणा मिळाली होती. ते मूळ ठिकाण प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो असा, वयाच्या ७२ व्या वर्षी. एप्रिल १९३० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा निघाले. या वेळी आफ्रिका. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार ते थेट दक्षिण आफ्रिका, असा सुमारे सव्वा वर्षाचा दौरा. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर विद्यापीठासाठी हात पसरायचा, हेच काम.

पायपीट त्यांना नवी नव्हती. कोकणातील मुरूडहून साताऱ्यापर्यंतचे सुमारे ११० मैलांचे अंतर, वाटेत कुंभार्ली घाट, हे सारे ते किशोरवयात परीक्षेसाठी पायी चालून गेले होते. तिथे परीक्षकांनी चेहऱ्याकडे पाहून वय कमी ठरवले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. रिकाम्या हाताने परतलेला हा मुलगा पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे आश्रम सुरू झाल्यावर महाविद्यालयातील तास संपवून पुण्याहून हिंगण्यापर्यंत रोज चालत जाणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल.

१८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्याबद्दल मुरूडकरांनी घातलेल्या बहिष्काराचे शल्य मोठे. पण ते तरुणपणीचे. उतारवयातील अडचणी वेगळ्याच होत्या. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेले. स्वतः उभारलेली वास्तू दूर जाताना पाहणे सोपे नसते. अण्णांनी मात्र त्याच वर्षी, वयाच्या ७८ व्या वर्षी, नवीन खटाटोप आरंभला. जिथे लोकल बोर्डाची शाळा नाही, अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ त्यांनी स्थापन केले. त्याकरिता आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला वाटा त्यांनी बाजूला काढला आणि घरोघर जाऊन लहानसहान वर्गणी गोळा केली. लक्षाधीशांकडून देणग्या आणलेल्या माणसाला आण्या-दोन आण्यांसाठी दारात उभे राहण्याचा संकोच वाटला नाही, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत विलोभनीय पान म्हणावे लागेल! पैसे मिळाले तर बरे, न मिळाले तर पुढचे दार.

८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेद व विषमतेविरुद्ध त्यांनी समता संघ काढला. १९५० मध्ये पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, गेल्या. आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडणाऱ्या या सहचरीनंतर १९५३ मध्ये पुत्र रघुनाथ, संततिनियमनाचे आद्य प्रचारक, यांचेही निधन झाले. ९५ वर्षांच्या पित्याने तेही सोसले.

मानसन्मान उशिरा आले, पण रांगेने आले. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. त्या वर्षीच्या १८ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर जन्मशताब्दीचा सोहळा झाला, तेव्हा पंतप्रधान नेहरू उपस्थित होते आणि शताब्दीचा सत्कारमूर्ती स्वतःच समोर बसलेला होता. टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात, १०५ व्या वर्षी, अण्णांची पायपीट थांबली.