दोन ग्रॅमच्या वटवाघळामागचा माणूस : कित्ती थोंगलोंग्या

नाव गमतीचं वाटेल, पण थाई भाषेतला ‘कित्ती’ म्हणजे पालीतून तिकडे गेलेली आपली कीर्तीच! १९२८ साली जन्मलेले कित्ती थोंगलोंग्या बँकॉकमध्ये प्राण्यांच्या नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळत. पक्ष्यांवरही त्यांनी काम केलं, पण त्यांचं नाव राहिलं ते वटवाघळांमुळे.

त्यातलं एक चक्क मुंबईत होतं. तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ साली पकडलेलं हे वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्या फळखाऊ जातीचं लेबल लावून पडून होतं. कित्तींनी त्याचे दात पाहिले. नेहमीच्या जातीला वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांच्या दोन जोड्या असतात, याला एकच. शेपूटही नाही. १९७२ मध्ये त्यांनी ते नवं म्हणून जाहीर केलं आणि त्याला सलीम अलींचं नाव दिलं. म्हणजे चोवीस वर्षं ते चुकीच्या नावाने राहिलं!

पुढच्याच वर्षी कांचनाबुरीच्या जंगलातल्या चुनखडीच्या गुहांमध्ये त्यांना डुकरासारख्या नाकाचं, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचं वटवाघूळ सापडलं. वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एवढंसं पाहून कुणालाही पिल्लूच वाटावं. कित्तींनी नमुने लंडनला जॉन एडवर्ड्स हिल यांच्याकडे पाठवले. काम अर्ध्यावर असताना, फेब्रुवारी १९७४ मध्ये, कित्ती अचानक गेले. वय अवघं ४५. हिल यांनी त्याच वर्षी वर्णन पूर्ण केलं. या प्राण्यासाठी नवं कुळच मांडावं लागलं, आणि जातीला नाव दिलं थोंगलोंग्यांचं.