पंडिता रमाबाई आणि देवाला मान्य उपवास

उपवास हा शब्द आपल्या देशात कोणासही नवा नाही. ज्यांच्या घरी पिढ्यानुपिढ्या वारांचे व तिथींचे उपास पाळले गेले, ते ख्रिस्ती मंडळीत आले म्हणजे दोहोंपैकी एका चुकीत सापडण्याचा संभव असतो. कोणी उपवास ही जुन्या धर्माची गोष्ट समजून ती अजिबात टाकून देतात. दुसरे कोणी उत्तम शुक्रवारी उपाशी राहतात खरे, पण मन जुनेच ठेवितात. आम्ही देवासाठी इतके केले, आता देवाने आमचे काम करावे, असा त्यांचा हिशेब असतो. या दोन्ही चुका ओळखावयास पंडिता रमाबाईंचे चरित्र फार उपयोगी आहे. भूक काय, व्रत काय आणि कृपा काय, ही तिन्ही त्यांनी स्वतः अनुभविली होती.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. लोकनिंदेस न जुमानता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीस दिली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. स्नान, जप, पूजा, दान, उपवास यांत त्यांनी कसूर केली नाही. ही माणसे ढोंगी नव्हती, हे आपण आदराने ध्यानात ठेविले पाहिजे. जे मार्ग त्यांस शिकविले गेले, ते त्यांनी अंतःकरणापासून चालविले.

इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाची टंचाई पडली. वडील वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी गेली होती. अंगमेहनतीचे काम या घरात कोणासच ठाऊक नव्हते. संकट टळावे म्हणून त्यांनी अधिक व्रते केली, अधिक दाने दिली. दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. त्यांचा पैसाही देवकार्यात खर्च झाला. शेवटी ते एका रानात शिरले आणि अकरा दिवस झाडांची पाने व पाणी यांवर राहिले. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. परंतु मुलगा श्रीनिवास याने मजुरी करून सर्वांस पोशीन असे सांगितले, तेव्हा तो बेत राहिला. तथापि थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री वारले.

त्यांच्या पाठोपाठ आई अंथरुणास खिळली. तिने भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारी गेल्या, परंतु कधी भीक मागितली नसल्यामुळे त्यांच्या तोंडून शब्द निघेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईने दया करून भाकरी दिली. रमाबाई ती घेऊन आल्या, पण आईच्या अंगी ती खाण्याचे बळ उरले नव्हते. आईही गेली, आणि पुढे थोरली बहीणही वारली.

मागे राहिलेली भावंडे पायी देशभर हिंडली. शास्त्रात सांगितलेले नियम त्यांनी तरीही पाळले, पण सांगितलेले फळ काही मिळाले नाही, आणि हळूहळू त्यांचा जुना विश्वास ढळला. इ. स. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता ही पदवी दिली. परंतु इ. स. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झाला, आणि इ. स. १८८२ साली तेही मरण पावले. हाती एक लहान मुलगी, मनोरमा, उरली. इ. स. १८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंस कळून आले की, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु स्वतः ख्रिस्त अद्यापि मिळालेला नाही. धर्माचे नियम बदलले होते, पण देवाला काहीतरी देऊन त्याची प्रसन्नता मिळवावयाची ही ओढ मनात राहिली होती. पाप्यास तारण फुकट मिळते, ते प्रभूने आपल्या मरणाने मिळवून ठेविले आहे, हे सत्य त्यांनी तेव्हा आपलेसे केले. ज्यांचे आईबाप सर्वस्व देऊनही रिकाम्या हातांनी गेले, त्यांस फुकट या शब्दाचा अर्थ किती गोड लागला असेल!

मग त्यांनी देहास कष्ट देणे सोडून दिले काय? नाही, ते कष्ट दुसऱ्या कामी लागले. इ. स. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदासदन काढले होते. पुढे ते पुण्यास आले. इ. स. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांस आपले रानातील दिवस आठवले. इतक्यांस पोसण्याइतका पैसा हाती नव्हता, तरी शेकडो मुली व विधवा त्यांनी आणिल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांस ठेविले. तेच मुक्तिसदन होय. इ. स. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या, आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

यशयाच्या ५८ व्या अध्यायात संदेष्टा लोकांस विचारितो की, उपवासाच्या दिवशी तुम्ही भांडता व मजुरांस पिळता, तर तो उपवास कसला? भुकेल्यास आपल्या अन्नातून वाटा देणे, निराश्रितास घरात घेणे, दडपलेल्यांस मोकळे करणे, हा देवाने निवडलेला उपवास, असे तो सांगतो. केडगावात नेमके हेच घडले. ज्या मुलीला आपल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागवत नव्हता, तिच्या हातून हजारो मुखांत भाकरी पडली.

रमाबाईंची राहणी शेवटपर्यंत साधी होती. पांढरे सुती वस्त्र आणि शाकाहारी अन्न यांवर त्या समाधानी असत. पण आता ती तारणाची किंमत नव्हती. इ. स. १९०५ साली त्यांनी आत्मिक जागृतीसाठी दररोज प्रार्थनेस बायकांस जमविले. प्रथम सुमारे सत्तर जणी होत्या, पुढे ती संख्या पाचशेंवर गेली. साध्या बायकांस समजेल असे बायबल मराठीत करण्यात त्यांनी आपली शेवटची वर्षे घालविली. मनोरमाबाई इ. स. १९२१ साली वारल्या. तो घाव सोसूनही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

बंधुभगिनींनो, उपवास टाकून देऊ नका. प्रभूने स्वतः उपवास केला, आणि आपले शिष्यही करतील असे धरून त्याची रीत डोंगरावरील प्रवचनात शिकविली: तोंड धुवावे, डोक्यास तेल लावावे, लोकांस दिसू देऊ नये. पाप कबूल करावयास, प्रार्थनेस वेळ मिळावयास, देहास ताब्यात ठेवावयास उपवास चांगला आहे. परंतु त्याने देवावर कर्ज चढत नाही. पावसासाठी, कोर्टातल्या दाव्यासाठी किंवा लेकराच्या दुखण्यासाठी उपाशी राहून देवाशी सौदा करू नका; तो बाप आहे, व्यापारी नव्हे. आजाऱ्याने, गरोदर बाईने व अंगावर पाजणाऱ्या आईने उपाशी राहू नये. त्यांनी खाऊन प्रार्थना करावी. घरात दाणा नाही म्हणून ज्याची चूल पेटली नाही, त्याला उपवासाचा उपदेश करू नका. त्याच्या घरी पीठ न्या.

उपदेशक बंधूंस एक विनंती. येत्या उपवासाच्या दिवशी मंडळीस सांगा की, वाचलेल्या जेवणाचे जोंधळे किंवा तांदूळ प्रत्येक घराने पदरात बांधून उपासनेस आणावे, आणि ते त्याच संध्याकाळी गावातील सर्वांत गरीब घरी, कोणत्याही जातीधर्माचे असो, गाजावाजा न करता पोहोचवावे. आपल्या भुकेमुळे दुसऱ्याची चूल पेटली, तर तो उपवास देव पाहील.