एक्स्प्लेनर : बहिणीने कापले भीमरावांचे केस, ४८ वर्षांनी संविधान सभेत दिले उत्तर, सलून आणि कलम १५ चे नाते काय?

रेणापूर : सलूनमध्ये नंबर लावायचा, मोबाईल बघत बसायचे आणि खुर्ची रिकामी झाली की कटिंग करून घ्यायची. रेणापूर असो की मुंबई, आजच्या बहुतेक शाळकरी मुलांना यात विशेष काही वाटत नाही. पण १९०० च्या सुमारास साताऱ्यातील एका नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याला हे शक्य नव्हते. शहरात न्हावी होते, घरात पैसेही होते. तरीही त्याच्या केसांना कोणी हात लावत नव्हते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

साताऱ्यात नेमके काय घडत होते?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर कुटुंब साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांनी तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. नळ शिपायाने उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानलेले राहायचे.

घरीही तीच स्थिती होती. धोबी कपडे घेत नसे, म्हणून बहिणी कपडे धुवायच्या. न्हावी तयार नसे, म्हणून थोरली बहीण भावंडांचे केस कापायची. करता करता तिचा त्यात चांगला हात बसला होता. बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये हे सगळे लिहून ठेवले. त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध झाले.

न्हावी नकार का देत होता?

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्याचे पोट गावाच्या धान्यावर अवलंबून. अस्पृश्य मानलेल्या माणसाला वस्तरा लावला, तर बाकीचे गिऱ्हाईक तुटण्याची भीती असे. त्यामुळे नकार एका माणसाच्या तोंडून येत असला, तरी त्यामागे सगळ्या गावाचा दबाव होता. बाबासाहेबांनी पुढे भांडण एखाद्या न्हाव्याशी मांडले नाही. त्यांनी थेट नियम बदलायला घेतला.

अमेरिकेत काय वेगळे होते?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. समतेची वागणूक त्यांना तिथे पहिल्यांदा अनुभवायला मिळाली. मात्र त्याच देशात कृष्णवर्णीयांना वेगळे वागवले जात होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले.

केसांवरून होणारा भेदभाव अमेरिकेत आजही चर्चेत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीत एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीपटूला लढतीआधी आपल्या जटा कापाव्या लागल्या. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा भेदभावाला बंदी घालणारा ‘क्राउन’ कायदा केला. तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. फरक एवढाच, की तिथे आक्षेप केसांच्या ठेवणीवर होता, तर साताऱ्यात त्या डोक्याला हात लावण्यावरच.

संविधान सभेत काय झाले?

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्यातील कलम ९ वर, म्हणजे आजच्या कलम १५ वर चर्चा झाली. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात जाण्यापासून रोखता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. पण ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न आला.

उत्तर बाबासाहेबांनी दिले. जिथे मालक येणाऱ्याला सेवा द्यायला बसलेला असतो, ते दुकान, असा त्यांचा खुलासा होता. उदाहरणे दिली ती न्हाव्याची आणि लाँड्रीची. डॉक्टर आणि वकिलांबाबत विचारले असता, सेवा देणारा प्रत्येक जण यात येतो, असे त्यांनी सांगितले. नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यावी लागेल, हेही त्यांनी स्पष्ट केले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, म्हणजे आजचे कलम १७, त्याच दिवशी मंजूर झाले.

सातारच्या शाळेतील प्रवेशाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती.

मराठवाड्यात हे कधी लागू झाले?

रेणापूरसह मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि पुढच्या अडीच महिन्यांत ही चर्चा झाली. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना इथेही लागू झाली. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले.

आज कायदा काय सांगतो?

- १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले.
- या कायद्यातील ‘दुकान’ शब्दाच्या व्याख्येत लाँड्री आणि केशकर्तनालय यांचा स्पष्ट उल्लेख आहे.
- अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारल्यास एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड होऊ शकतो.
- गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. बहिणीच्या हातची कात्री ज्या नकारामुळे चालली, तो नकार गुन्हा ठरलेला त्यांनी हयातीत पाहिला. तरीही देशाच्या काही भागांतून अशा तक्रारी अजून येतात. त्या वेळी कलम १५ आणि हा कायदा तक्रारदाराच्या बाजूने उभा असतो.