सभाधीट रमाबाई

मागे आपल्या मंडळात बाळाच्या संगोपनावर बोलायला मी काही तयारी न करता उभी राहिले. एका भगिनीने विचारले, तान्ह्या बाळाला मध चाटवावा का? मला ठाऊक नव्हते, पण तसे कबूल करायची लाज वाटली. खुशाल चाटवा, असे ठोकून दिले. टाळ्याही पडल्या. त्यानंतर कै. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक हाती आले, म्हणून हा लेख.

१८७३ साली रमाबाईंचे माधवराव रानड्यांशी लग्न झाले. त्या ११ वर्षांच्या, माधवराव ३१ वर्षांचे. नवरीला अक्षरओळख नव्हती. पतीने धुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. दिवसा बोलणी खावीत आणि रात्री पुस्तक उघडावे, असे कित्येक वर्षे चालले.

नाशिकला शाळेच्या समारंभात त्या प्रथम बोलल्या, तेव्हा भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी सभा भरली, तेव्हा गव्हर्नरसाहेबांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. घरी टोमण्यांचा भडिमार झाला. त्यांनी तो सोसला, शिकणे मात्र सोडले नाही.

मला सर्वांत आवडली ती कलकत्त्याची हकीकत. माधवरावांनी तिथे बंगाली शिकायला घेतले आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला शब्दांचे उच्चार व अर्थ विचारू लागले. एवढा मोठा न्यायाधीश, आणि न्हाव्याकडे शिकवणी! रमाबाईंनी थट्टा केली, पण अडले की कोणालाही विचारावे हा धडा त्यांनी घरातच पाहिला.

१९०१ साली माधवराव गेले. पुढे १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे बायका शिकल्या, परिचारिका झाल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांकडेही रमाबाई जात. १९२४ साली त्या निवर्तल्या.

पुस्तक मिटले त्याच संध्याकाळी मी आधी दवाखान्यात विचारले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तशीच त्या भगिनीच्या घरी गेले आणि माझी चूक सांगितली. सुदैवाने तिच्या सासूबाईंनी मध चाटवू दिला नव्हता. तिने चहा टाकला.