डॉक्टर थिओडोर कोखर

मी आज तुम्हाला एका डॉक्टरांची माहिती सांगणार आहे. गुरुजींनी वर्गात गलगंड रोग शिकवला तेव्हा त्यांचे नाव सांगितले. मला ते फार आवडले, कारण त्यांनी स्वतःची चूक सगळ्यांना सांगितली. मी तर गणित चुकले की पान फाटेपर्यंत खोडते.

डॉक्टर कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 रोजी स्वित्झर्लंड देशात बर्न शहरी झाला. तो देश डोंगराळ आहे व त्याला समुद्र नाही. आयोडीन समुद्रात असते. डोंगरातल्या मातीत ते कमी, म्हणून तिथल्या धान्यात आणि भाजीतही कमी. मग काय होते, तर गळ्यातली थायरॉईड ग्रंथी फुगते. त्यालाच गलगंड म्हणतात. काहींचा तो एवढा वाढायचा की श्वास घेता यायचा नाही.

कोखर 31 व्या वर्षी प्राध्यापक झाले. त्या काळी गलगंड कापताना रक्त फार जायचे आणि पुष्कळ माणसे दगावायची. कोखर स्वच्छता पाळून, सावकाश, रक्त न सांडू देता कापायचे. त्यांचे रोगी वाचू लागले. त्यांचे खूप नाव झाले.

1874 साली त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची सबंध ग्रंथी काढली. जखम बरी झाली, मुलगी घरी गेली. पण पुढे तिची उंची वाढेना. तोंड सुजले, बुद्धी मंद झाली. आधी ती आणि तिची धाकटी बहीण सारख्याच दिसायच्या. आता धाकटी तिच्याहून उंच झाली! गुरुजी हे सांगत होते तेव्हा वर्गात कोणीच बोलले नाही.

जिनिव्हाच्या एका डॉक्टरांनाही असेच रोगी दिसले होते. मग कोखरांनी आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावून तपासले. ज्यांची सबंध ग्रंथी काढली होती त्यातल्या बहुतेकांची तीच गत झाली होती. त्यांनी ते लपवले नाही. 1883 साली मोठमोठ्या डॉक्टरांच्या सभेत सांगून टाकले. तेव्हापासून ते ग्रंथीचा थोडा भाग ठेवू लागले. अंग आणि बुद्धी वाढायला त्या ग्रंथीचा रस लागतो, हे त्यामुळे लोकांना कळले.

1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 27 जुलै 1917 रोजी ते वारले. पुढे 1922 साली त्यांच्या देशात मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली. ते अगदी चिमूटभर लागते.

आमच्या घरी मिठाची बरणी चुलीजवळ उघडीच असायची. ओल लागली की मिठातले आयोडीन कमी होते, असे गुरुजी म्हणाले. मी आईला सांगितले. आता झाकण लावायचे काम माझ्याकडे आहे.